कॉक्स-टू म्हणजे नणंद

किस्से मुद्दाम जमवावे लागत नाहीत. तिघांनी एकत्र अभ्यासाला बसावं, आपोआप साठतात. फार्मसी डिप्लोमाची शेवटची परीक्षा पास झाल्याशिवाय रजिस्ट्रेशन नाही, आणि रजिस्ट्रेशनशिवाय सुभाष रोडच्या मेडिकलवाल्या अण्णांनी माझ्यासाठी ठेवलेली जागा नाही. पहिल्या खेपेला शरीरात सूज आणणाऱ्या प्रोस्टाग्लँडिन आणि मंडळींनी माझा घात केला होता. म्हणून या वेळी मी आणि अळणावरचा महेश रायापूरला, आमच्याबरोबरच परीक्षा देणाऱ्या गीताअक्काच्या घरी बसायचो.

*

कुकरची शिट्टी झाली. मी दचकले आणि चहा हातावर सांडला. "पाणी आण" म्हटलं, तर महेश पुस्तकातलं दाहाच्या पाच लक्षणांचं पान उघडून आला.

"लाली आली. गरम लागतंय, दुखतंय. सूज कुठाय?"

"महेश, पाणी!"

"थांब गं, पाचवं लक्षण राहिलं. काम बंद पडणं."

"ते आलं. कप तू विसळ."

*

महेशने मला हिस्टामिन नाव ठेवलं. पेशीत भरून तयार बसलेलं, जरा धक्का लागला की बाहेर.

अक्का म्हणाली, "आणि तू ल्युकोट्रीन. उशिरा येतोस, आणि आलास की जेवल्याशिवाय हलत नाहीस."

*

कॉक्स नावाची दोन एन्झाइम्स माझ्या लक्षात राहीनात. अक्का कणीक मळता मळता म्हणाली, "कॉक्स-वन म्हणजे मी, घरची सून. रोज गुपचूप पोट सांभाळते. कॉक्स-टू म्हणजे नणंद. एरवी नसते. कुठं लागलं-खुपलं की हजर, आणि आली की ताप, सूज, दुखणं."

"आणि दुखण्यावरची गोळी?"

"ती दोघींनाही गप्प करते. मग पोट जळतं."

*

दुसऱ्या दिवशी महेश मोठ्यानं घोकत होता, "नणंद आली की ताप, सूज, दुखणं." दारात अक्काची खरी नणंद उभी, दुर्गदबैलच्या बाजारातून आलेली, हातात गिरमिटाची, म्हणजे मसाल्याच्या चुरमुऱ्यांची पुडी.

"परत नेऊ काय?"

"तुम्ही नव्हे हो, एन्झाइम!" महेश गडबडला.

"कोण ती? कुठल्या गावची?"

गिरमिट संपेपर्यंत अक्कानं मान वर केली नाही.

*

परीक्षेत तोच प्रश्न आला. इजा झाल्यावर कोणतं एन्झाइम नव्यानं तयार होतं? माझं डोकं कोरं. तेवढ्यात मागे कुणाची तरी स्टीलची बाटली पडली. मी ताडकन उठले आणि गुडघा बाकावर आपटला. कळ पार मस्तकात गेली. गुडघा चोळता चोळता एकदम हसूच फुटलं, आणि आधी मी कॉक्स-टूपुढचा गोल काळा करून टाकला.

सुपरवायझर मॅडम धावत आल्या. "एनायितु? काय झालं?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "काही नाही मॅडम, नणंद आली."

मॅडमनी दाराकडे पाहिलं. "तिला बाहेरच थांबायला सांगा. पेपर सुटल्यावर भेटा."