सात नंबरचा सेल

खलीलभाई कुठल्याही वस्तूला आधी उलटा हात लावत. बॅटरी असो, इस्त्री असो, नाहीतर हातगाडीवरचं टरबूज. हाताची मागची बाजू टेकवायची, जरा थांबायचं आणि मगच काय ते बोलायचं. सिडकोतल्या आमच्या रो-हाउसच्या ओळीत मी राहायला आले, त्याच आठवड्यात इन्व्हर्टर बसवणारा माणूस आला होता. शेजारच्या फाटकातून एक उंच, पांढऱ्या दाढीचे गृहस्थ न विचारता आत आले. नव्या बॅटरीला उलटा हात लावून म्हणाले, “ताई, ही उन्हात ठेवलेली दिसते. दुसरी मागा.”

बसवणारा चिडला. “चाचा, तुम्ही डॉक्टर आहात का?”

“हौ,” ते शांतपणे म्हणाले, “पण फक्त ह्यांचाच.”

त्यांची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजच्या बॅटरी रूममध्ये झाली होती. गावातली लाईट गेली तरी फोन चालू राहायचे, ते त्या खोलीतल्या सेलच्या रांगांमुळे. इतक्या सेलना रोज तपासणं शक्य नसे, म्हणून रांगेतला एक निवडून त्याचंच माप रोज घ्यायचं, अशी तिथली पद्धत. त्याला पायलट सेल म्हणत. “सगळ्यांची तब्येत रोज कोण विचारणार? एकाला विचारायचं. तो बरा, तर बाकीचे बरे समजायचे,” ते सांगत. निवृत्त झाल्यावरही ही सवय सुटली नव्हती. गल्लीत कोण कसं आहे, हे ते मला एकटीलाच विचारत.

मी वाळूजच्या एका कारखान्यात स्टोअर्स सांभाळते. यादी केल्याशिवाय माझं पान हलत नाही आणि त्यावरून ते मला मनसोक्त चिडवत. “लिष्टवाल्या ताई, आज श्वास घ्यायचं लिहिलंय का कागदावर? नाहीतर ऱ्हाऊन जाईल.” रुखसानाभाभी होत्या तोवर आतून लगेच दटावणी यायची, “अजी, कामावर जाऊ द्या त्यांना!” भाभी गेल्या आणि ती दटावणी थांबली. मग खलीलभाईंची थट्टाही आटली. एकुलती एक मुलगी निलोफर पुण्यात नोकरीला, संसार तिथेच. तिचा फोन आला, की खलीलभाई कुंपणापाशी उभे राहून बोलत आणि मला नको असताना ऐकू येई. “हौ. खाल्लं. हौ, बरा आहे. सब ठीक. चल, तुला काम असेल, ठेव.” फोन आधी ठेवणार हेच. आणि ठेवल्यावर बराच वेळ त्याच्याकडे बघत उभे राहणार, तेही हेच.

एका मे महिन्यात दुपारी लाईट गेली ती चार तास आली नाही. उकाड्याने ते जिन्यात चक्कर येऊन पडले. मी सुट्टीवर, घरीच होते म्हणून ते मला वेळेत दिसले. निलोफर संध्याकाळपर्यंत पुण्याहून पोहोचली आणि माझ्यासमोरच तिने सांगितलं, “अब्बा, एक तर पुण्याला चला, नाहीतर ह्या घरची लाईट कधीच जाणार नाही असं करून दाखवा.”

“दाखवतो,” खलीलभाई म्हणाले. “घर एकदा जरी बंद पडलं, तर मी स्वतः बॅग भरीन. ताई साक्षीदार.”

त्यांना पुण्याला का जायचं नव्हतं, हे मी नंतर विचारलं. “तिथं मला निलूचे अब्बा म्हणतात,” ते म्हणाले. “इथं मी खलील आहे. छावणीच्या बाजारात चहा प्यायला गेलो तर चार जण नावानं हाक मारतात. आता चारच ऱ्हायलेत, पण आहेत.”

गच्चीवर सोलर पॅनल आधीच होती. आता साठवणुकीची बॅटरी हवी होती, आणि ती तयार पेटी घेणं त्यांना मंजूर नव्हतं. “बंद डब्यात काय भरलंय ते डब्यालाच माहीत.” सुटे लिथियमचे सेल घेऊन स्वतः बांधायचं ठरलं. खरेदीत माझा हात बसलेला, म्हणून मलाही ओढलं. छावणीतल्या दुकानदाराने सेल टेबलावर मांडले. “चाचा, डोळे मिटून घ्या. सगळे ए ग्रेड.”

“बेटा, ए ग्रेड हे नाव आहे का निकाल?”

सोळा लागणार होते, आम्ही अठरा घेतले. पुढचे दोन-अडीच आठवडे भाभींच्या जेवणाच्या टेबलावर परीक्षा चालली. एकेक सेल पूर्ण भरायचा, थोडा वेळ तसाच राहू द्यायचा, मग एकसारख्या भाराखाली सावकाश रिकामा करायचा आणि त्याने खरोखर किती वीज दिली ते मोजायचं. एकाला सहज पाच तास लागत. शिवाय प्रत्येकाचा आतला अवरोध मोजायचा. तो जास्त असलेला सेल लवकर तापतो आणि भार आला की मान टाकतो. मी कारखान्यातून परस्पर त्यांच्याकडे जाई, सेलवर नंबराच्या चिकटपट्ट्या लावी, आकडे मांडी. पास झालेल्याला पांढरी पट्टी, नापासाला लाल. खरं तर हे काम निम्म्या दिवसांत आटोपलं असतं. त्यांच्याकडे तपासणीची दोन यंत्रं होती, पण दुसरं ते काढतच नव्हते.

“जल्दी किस बात की, ताई? सेलला बोलू द्या,” ते म्हणत आणि चहा टाकायला उठत. दुकानदाराचा फोन आला, “चाचा, सेल नेलेत का सून बघायला गेलात?” यावर ते इतके मोठ्याने हसले, की मला भाभींच्या वेळचं घर आठवलं.

दोन सेल नापास झाले. एक दुकानदाराने बदलून दिला. दुसरा बाकीच्यांपेक्षा थोडा कमी भरत होता, तो खलीलभाईंनी परत केलाच नाही. “बाल्कनीतल्या दिव्याला चालेल. एकट्याला काही त्रास नाय त्याचा. पंधरा जणांत घातला, की सगळ्यांना थांबवील.” रांगेतला सर्वांत कमकुवत सेल रिकामा झाला, की बाकीच्यांत वीज असूनही अख्खी बॅटरी बंद करावी लागते, हे मला तेव्हा कळलं.

ही बंद करण्याची जबाबदारी ज्या सर्किट-प्लेटवर असते ती बीएमएस, म्हणजे बॅटरीची राखणदार. ती निवडताना बापलेकीचं जुंपलं. मी माझी यादी केली होती: घरच्या भाराच्या दुप्पट प्रवाह झेलणारी हवी, प्रत्येक सेल वेगळा बघणारी हवी, आपल्याकडचा उन्हाळा पाहता तापमान वाढलं की थांबणारी हवी, सेलमधला फरक आपोआप मिटवणारी हवी. दोन बीएमएस यात बसत होत्या. एक साधी, एक वायफायवाली, जिच्यामुळे मोबाईलवर कुठूनही सगळं दिसतं. खलीलभाईंना साधी हवी होती. “मोबाईलनंच सगळं बघितलं, तर मी सकाळी उठून काय करू? माश्या मारू?”

निलोफर स्पीकरवर होती. “अब्बा, तुम्ही बघालच. पण मलाही दिसलं पाहिजे.”

त्यांनी माझी यादी पुढे ओढली. मग मला म्हणाले, “ताई, तुमच्या लिष्टीत एक रकाना कमी आहे. बघणार कोण, तो. घ्या वायफायवाली.”

बॅटरी बसली आणि काही दिवस घरात उत्सव होता. सूर्य मावळल्यापासून उगवेपर्यंत घर बॅटरीवर चाले, त्यामुळे काय चालू-बंद झालं ते पुण्यात कळे. निलोफरचा रोज फोन. “अब्बा, आज सकाळी किटली लावली नाहीत?” ते फाटकातून मला ओरडून सांगत, “पोरीला माझा चहा दिसतो पुण्यातून!”

मग फोन कमी होत गेले. यात कुणाचं काही चुकलं नव्हतं. मोबाईलवर सगळं हिरवं दिसत होतं; बाप उठला, चहा झाला, पंखा चालू आहे. विचारायला उरलं काय? एकदा एक वायर सैल होऊन खोटाच इशारा गेला, तेव्हा तिचा ताबडतोब फोन आला. वायर शोधत शोधत दोघं तासभर बोलली. त्यानंतर पुन्हा सामसूम. ते कुंपणापाशी येत, पण फोन हातातच असे.

दसऱ्यानंतर सात नंबरचा सेल कुरकुर करू लागला. आठवड्यात दोन-तीन संध्याकाळी त्याचा इशारा पुण्याला जाई आणि फोन येई. एकदा मी तिथेच होते. “अब्बा, सात नंबर पुन्हा खाली गेला.”

“हौ ना. नाजूक आहे तो जरा.”

“मग बदला ना.”

“बदलतो, बदलतो. तू काय खाल्लंस आज? डबा का कॅन्टीन?” आणि मग कॅन्टीनची भाजी, तिची साहेबीण, जावयाची गुडघेदुखी, असं सगळं निघालं. खलीलभाई इस्त्रीचा सदरा घालून बसले होते. हल्ली संध्याकाळी ते रोजच तसे बसत. मी नंतर म्हटलं, दुकानदाराला बोलावू का? “नक्को,” ते म्हणाले. “माझं मी बघतो.”

पुढच्या उन्हाळ्यात दुपारीच आभाळ भरून आलं आणि जोराचं वादळ झालं. कुठेतरी तारा तुटल्या, सगळ्या भागाची वीज गेली. ढगांमुळे पॅनलही निकामी. त्यांची बॅटरी सकाळपर्यंत पुरायला हवी होती, म्हणून मी निश्चिंत होते. दिवेलागणीला निलोफरचा फोन आला. “काकू, घर दिसत नाहीये. अब्बा फोन उचलत नाहीत.”

मी टॉर्च घेऊन गेले. दार उघडंच होतं. खलीलभाई बॅटरीच्या खोक्यासमोर जमिनीवर बसले होते, घामाने निथळत. शेजारी पाना पडला होता. ओल्या हातातून पाना सारखा निसटत असल्यामुळे त्यांना नट सुटत नव्हता. मांडीवर एक सेल होता. त्याच्यावर माझ्या अक्षरात पांढरी पट्टी: सात. मी टॉर्च खोक्यात मारला. सातव्या जागी लाल पट्टीचा सेल बसला होता.

मला समजायला वेळ लागला नाही. “तुम्ही मुद्दाम घातलात?”

ते खाली बघत म्हणाले, “इशारा गेला, की ती बोलते, ताई. नाय गेला, तर नाय बोलत.” मग घाईने, “लवकर करा. पाना घ्या. ती आता निघेल पुण्याहून.”

ते सांगत गेले, मी नट सोडले आणि आवळले. घरात दिवे आले तेव्हा त्यांनी माझा हात धरला. “निलूला नाय सांगायचं.”

ती दुसऱ्या दिवशी सकाळी आली. वादळात झाडं पडून रस्ता अडला होता, रात्रभर प्रवास करून डोळे लाल. रागापेक्षा घाबरलेली जास्त होती. “जन्मभर बॅटऱ्या सांभाळल्या तुम्ही! अठरामधून निवडलेला सेल असा कसा निघाला?”

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. खलीलभाईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं. “चुकलो,” ते म्हणाले. “तपासताना चुकलो. आता नाय जमत मला.” ज्या माणसाने कुणाचं ए ग्रेड कधी मानलं नाही, त्याने एवढं बोलून कपाटावरची बॅग स्वतः काढली. मी त्यांचे कपडे घड्या करून दिले.

पुण्याहून मला त्यांचा फोन दुपारी येई, कारण दुपारी घरात कुणी नसे. “इथं लाईट जातच नाय, ताई. लिफ्टला पण बॅकअप. निलू रात्री येते, थकलेली असते. मी विचारतो, खाल्लं का? ती म्हणते, हौ.” थंडी संपता संपता झोपेतच गेले.

महिन्यानंतर निलोफर घर विकायला आली. बॅटरी न्यायला छावणीचाच दुकानदार आला होता. “सात नंबरचा वेगळा ठेवा,” ती त्याला म्हणाली. “तो अब्बांकडून तपासताना चुकलाय.”

त्याने मीटर लावला. पुन्हा लावला. “मॅडम, हा तर ह्यांतला सगळ्यात चांगला आहे.”

निलोफरने माझ्याकडे पाहिलं. खलीलभाईंनी मला गप्प राहायला सांगितलं होतं, पण त्यांच्या कामावरचा तो डाग घेऊन सेल छावणीत परत जावेत, हे मला बघवेना. मी तिला सांगितलं. लाल पट्टीचा सेल, तो कुणी आणि का घातला, इस्त्रीचा सदरा, सगळं.

तिने सातव्या सेलवरच्या पांढऱ्या पट्टीवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, “मी एरवी फोन केला की अब्बा म्हणायचे, सब ठीक, ठेव. मला वाटायचं, त्यांना बॅटरीशिवाय माझ्याशी काही बोलायचंच नसतं.” तिने डोळे पुसले. “मीसुद्धा त्या इशाऱ्याची वाट बघायचे, काकू. ऑफिसातून निघताना रोज.”

दुकानदार पाना धरून उभा होता. “मॅडम, काढू ना मग?”

“थांबा जरा,” ती म्हणाली आणि खोक्यासमोर जमिनीवर बसली.