उभ्याने मिळणार नाही

आधी माफी मागतो. आमच्या घरात आजवर जे काही लिहिलं गेलं, ते म्हणजे लग्नाच्या स्वयंपाकासाठीच्या सामानाच्या याद्या. कॉलेजात गेलेला मी पहिला, आणि तोही इंजिनिअरिंगला. त्यात विषय दारूचा, जी मी कधी प्यालो नाही, आणि तीही दुसऱ्याच देशाची. मी यावर लिहावं असं काही नाही. पण त्या दुपारचा राग अजून गेलेला नाही, आणि तो मनात धरून माझा परीक्षेचा अभ्यास होत नाही.

मी जर्मनीत कायझर्सलाउटर्नला मास्टर्स करतो आणि एका इन्स्टिट्यूटमध्ये हिवी आहे, म्हणजे संशोधकांच्या हाताखाली काम करणारा विद्यार्थी. माझ्या खोलीत एक जपानी संशोधक बसतो. माझ्याहून सहा-सात वर्षांनी मोठा, मोजकं बोलणारा. त्याचे वडील गावच्या एका लहानशा कारखान्यात साके बनवायचे. साके म्हणजे तांदळाची दारू. ती हिवाळ्यातच बनते, आणि वडिलांनी जवळजवळ सगळे हिवाळे त्यातच काढले होते. गेल्या हिवाळ्यानंतर त्यांच्या हृदयाने दगा दिला आणि डॉक्टरांनी थंड कोठारात पाय ठेवायला मनाई केली. त्या शेवटच्या खेपेच्या सहा बाटल्या तो घेऊन आला होता. ऑक्टोबरात इन्स्टिट्यूटचा वर्धापनदिन होता. तिथे तो त्या स्वतः सगळ्यांना देणार होता.

चार दिवस आधी घरून निरोप आला की वडिलांचं ऑपरेशन करावं लागतंय. त्याने माझ्या टेबलावर बाटल्या, चिनी मातीचे इवलेसे पेले आणि एक वही ठेवली.

"विहिरीच्या पाण्याइतकी गार दे," तो म्हणाला. "ही गरम करायची जात नाही. आणि कुणाला स्वतःची स्वतः ओतून घेऊ देऊ नकोस. आमच्यात दुसऱ्याने ओतायची असते."

"आणि वही?"

"कोण काय म्हणालं ते लिही. वडिलांना तेवढंच ऐकायचंय. ऑपरेशन झालं की वाचून दाखवीन." बॅगेची चेन लावता लावता तो थांबला. "सजवू नकोस. त्यांना कळतं."

वर्धापनदिनाला समारंभाची व्यवस्था पाहणाऱ्या बाईंनी माझ्या छातीवर एक बिल्ला लावला: 'कुल्टुअरबोटशाफ्टर, जपान'. म्हणजे जपानचा सांस्कृतिक राजदूत.

"मी भारतातला आहे," मी म्हणालो.

"हो, हो, माहितीये. पण तू त्याच्याच खोलीत बसतोस ना? गेनाऊ, मग झालं तर." आणि त्यांनी मला पाठीवर जपानी अक्षरं असलेला निळा अंगरखा घालायला दिला. मी तो घातला. तिथेच नाही म्हणायला हवं होतं. अंगणातून जाताना एका प्राध्यापकांनी मला पाहून हात जोडले आणि "नमस्ते" म्हणाले. मीही हात जोडले.

पेले विसळायला मी आत गेलो. दहा मिनिटं लागली असतील. परत आलो तर टेबलावर ग्लूवाइनचा टोप होता, नाताळच्या बाजारात गरम वाइन विकतात तसला, विजेवरचा. त्यातून वाफ येत होती. शेजारी तीन बाटल्या रिकाम्या. लोक येत होते, पळीने कागदी कपात ओतून घेत होते आणि पुढच्या टेबलावरच्या सॉसेजकडे सरकत होते.

"ही गार प्यायची होती," मी म्हणालो.

"साके गरमच पितात, सगळ्यांना माहीत आहे," बाई म्हणाल्या. "आणि बाहेर नऊ अंश आहे. बघ, लोक खूश आहेत."

मी काही बोललो नाही. मला सर्वांत जास्त चीड त्याचीच आहे. वही उघडली आणि लिहू लागलो. "भात गरम पाण्यात विसरल्यासारखी." "लिंबू पिळलं तर बरी लागेल." "शनाप्स म्हणून फारच कमजोर." शनाप्स म्हणजे इथली कडक दारू. एका डॉक्टरेट करणाऱ्याने डोळा मारून विचारलं, "तुमच्याकडे हिच्याबरोबर काय खातात?" मी म्हणालो, माहीत नाही. तो हसला. राजदूतालाच माहीत नाही म्हणाला. तेही लिहिलं. अक्षर इतकं वेडंवाकडं येत होतं की एक पान दोनदा लिहावं लागलं.

उरलेल्या तीन बाटल्या मी टेबलाखाली पायाशी धरून बसलो होतो, आणि तिथूनच मी अण्णांना फोन लावला. अण्णा म्हणजे माझे वडील. बार्शीत ते वाढपी आहेत. लग्नाकार्यात पंगतीला वाढायचं काम करतात. व्हिसाच्या फॉर्मवर मी त्यांच्या व्यवसायापुढे 'केटरिंग बिझनेस' लिहिलं होतं. अण्णांना ते अजून ठाऊक नाही.

"अण्णा, आज मी पण वाढतोय इथं."

"काय वाढतोयस?"

"दारू."

पलीकडे टीव्ही चालू होता. तो बंद झाला.

"जपानची आहे," मी घाईने म्हणालो. "मी घेत नाही. मित्राच्या वडिलांनी केलेली." मग एका दमात सगळं सांगितलं. टोप, पळी, कागदी कप, वही.

अण्णांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "माणसं बसलीत का?"

"नाही, उभीच आहेत."

"मग काय कळणार त्यांना? बुफे आल्यापासनं कुणाला चव कळत नाही बघ. हातात ताटली, डोळा पुढच्या टेबलावर. आधी बसव त्यांना."

"अहो अण्णा, प्राध्यापक आहेत ते."

"प्राध्यापकांना बसता येत नाही का?"

फोन ठेवला. अंगरखा काढून खुर्चीवर टाकला. अंगणात बिअरच्या मेळ्यात असतात तसली लांब लाकडी बाकं होती, भिंतीला टेकवून ठेवलेली. मी ती ओढून समोरासमोर दोन रांगांत लावली आणि प्रत्येक जागेपुढे एकेक पेला ठेवला. एक जण हात पुढे करून आला. माझ्या तोंडून जर्मनमध्ये जे निघालं ते अण्णांच्या आवाजात निघालं.

"बसा. उभ्याने मिळणार नाही."

तो बसला. का, ते मला अजून कळलेलं नाही. मग आणखी दोघं बसले. बाई आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "हे असं ठरलं नव्हतं."

"तुम्हीपण बसा," मी म्हणालो. माझा आवाज चढला होता. संचालक आपल्याकडे बघतायत हे मला दिसत होतं. हे काम जाऊ शकतं, हेही डोक्यात होतं. तरी म्हणालो, "हे ज्यांनी केलंय ते हॉस्पिटलमध्ये आहेत. पुढल्या हिवाळ्यात ते करणार नाहीत. बसून प्या, नाहीतर पिऊ नका."

बाई बसल्या नाहीत. संचालक बसले.

लहानपणी सुट्टीत अण्णांच्या मागून फिरलो होतो, ते हातांनी लक्षात ठेवलं होतं. समोरून जायचं, पाठीमागून नाही. एका टोकापासून सुरू करायचं आणि मध्ये कुणी मोठा माणूस बसलाय म्हणून रांग मोडायची नाही. बाटली दोन्ही हातांनी धरून मी ओतत गेलो. एकाने बाटली माझ्या हातातून घ्यायला पाहिली. मी दिली नाही.

बोलणं कमी झालं. इमारतीची देखभाल करणारे काका दुसऱ्या रांगेत शेवटी बसले होते. त्यांनी पेला बराच वेळ नाकाशी धरला, प्यायले आणि म्हणाले, "आमच्या आजोबांच्या तळघरात पेअरची फळं ठेवायचे. दार उघडलं की असाच वास यायचा." संचालक म्हणाले, "मला यातलं काही समजत नाही. पण आणखी आहे का?" मी दोन्ही लिहिलं.

संध्याकाळी वहीच्या सगळ्या पानांचे फोटो काढले. टोपाची पानं वगळावीत असं फार वाटलं. ऑपरेशन झालेल्या माणसाला ते का वाचून दाखवायचं? पण सजवू नकोस म्हणाला होता, आणि व्हिसाच्या फॉर्मवर एकदा सजवून झालं होतं. सगळी पानं पाठवली.

उत्तर आलं नाही. तिसऱ्या दिवशी बाईंचं ईमेल आलं: समारंभातला माझा सूर पाहुण्यांना योग्य वाटला नाही, पुढच्या वर्षी अशी जबाबदारी देण्याआधी विचार केला जाईल. मी तीनदा उत्तर लिहून पुसलं. मित्राचं टेबल रिकामंच होतं. रोज सकाळी मला वाटे, 'भात गरम पाण्यात विसरल्यासारखी' हेच त्याच्या वडिलांनी शेवटचं ऐकलं असेल. बाईंवरचा राग मग माझ्यावरच यायचा. तीन बाटल्या जाईपर्यंत मी काय करत होतो?

नवव्या दिवशी त्याचा निरोप आला: उशीर झाला, माफ कर. वडिलांना शुद्ध यायलाच पाच दिवस लागले. काल सगळी पानं वाचून दाखवली. पेअरच्या वासाचं ऐकून ते डोळे मिटून पडून राहिले. टोपाचं पान मी गाळणार होतो, पण त्यांनी विचारलं, मध्ये काय लपवलंस? ते ऐकल्यावर ऑपरेशननंतर पहिल्यांदा उठून बसले. किती अंशांवर तापवली, ते त्या मुलाला विचार म्हणाले. नर्स धावत आली. 'ती शेवटची खेप नव्हती,' म्हणतात, 'जर्मनांनी उकळलेली दारू माझी शेवटची असणार नाही.' हिवाळ्यात कोठारात जाणार म्हणतात. डॉक्टरांनी अजून हो म्हटलेलं नाही.