उजव्या सोंडेचं गेट

मला कॉम्प्युटरवरचं ड्रॉइंग शिकवताना हसूभाऊ चहाचा कप उचलण्याआधी क्षणभर थांबायचे, कपाच्या कानाकडे बोट दाखवायचे आणि म्हणायचे, "हा बेस पॉइंट." मग कान धरून कप टेबलाच्या दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवायचे. "हा झाला मूव्ह. पयला कप तिथंच ऱ्हायला आनि दुसरा इथं दिसला, तर कॉपी." दुसरा कप काही दिसायचा नाही, कारण ते चहा एकच मागवायचे. माझा वाटा बशीत.

हसूभाऊंना जाऊन आता दोन वर्षं झाली. पेणजवळच्या खाडीकाठच्या गावचे, मिठागरवाल्यांच्या घरातले. रोह्याला एका गाळ्यात कॉम्प्युटर मांडून ते गेट, ग्रिल, कठड्यांची ड्रॉइंग करायचे आणि पत्रा कापायला पेणला पाठवायचे. मी वाशिमकडची, नववीत शाळा सुटलेली. लग्न होऊन इथं आले, नवरा धाटावला कंपनीत शिफ्टला. एकाच्या पगारात खोली भागत नव्हती. मला काम मिळालं नाही तर मी सासरी गावाकडे परत जायचं आणि त्यानं कंपनीतल्या चार पोरांत खोली करून राहायचं, असं ठरलेलं. हसूभाऊंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "शीक. जमलं तर ठेवीन. नाय जमलं तर निदान चहा पिऊन जाशील."

आमच्याकडं बाईला कोणी 'गो' म्हणत नाही. पहिल्या दिवशी "बस गो" ऐकलं तेव्हा हे रागावले की काय, असंच वाटलं मला. माउसवर हात ठेवला की तळव्याला घाम सुटायचा. फडक्यानं माउस पुसत राहायची मी, तर म्हणायचे, "त्याला आंघोळ नको घालूस, चालव."

इंग्रजी मला यायचं नाही, पण त्यांचं शिकवणं इंग्रजीत नव्हतंच. स्क्रीनवरच्या वस्तू निवडायला चौकट ओढतात ना, ती डावीकडून ओढली तर पूर्ण आत आलेलंच निवडलं जातं. उजवीकडून ओढली तर नुसती स्पर्शलेली रेघही येते. हे त्यांनी असं सांगितलं: "डावीकडून ओढलंस तर आमंतरन दिलेलेच जेवायला बसतात. उजवीकडून ओढलंस तर रस्त्यानं जानारा पन पंगतीत." मी आजही हात उजवीकडे गेला की आधी पंगत मोजते.

मिरर म्हणजे त्यांचं लाडकं लेकरू. अर्धं काढायचं, मधे एक रेघ धरायची, उरलेलं अर्धं आरशातल्यासारखं उलटून आपोआप पलीकडे उमटतं. "माझ्या बापानं मिठागरात बांध घालताना पाठ मोडून घेतली," ते म्हणायचे. "त्याला मिरर मिळाला असता तर अर्ध्या दिवसात घरी येऊन झोपला असता." मग कोणी ग्रिल सांगायला आलं की ते निम्म्यातच त्याला थांबवायचे. उरलेलं आरसा सांगेल म्हणून.

असंच खांब गावच्या एका शेतकऱ्याच्या नव्या घराचं गेट आलं. दोन दारं, प्रत्येकावर पत्र्यात आरपार कापलेला गणपती. मी डाव्या दारावरचा काढला. सोंड तीनदा खोडली, चौथ्यांदा साधली. हसूभाऊ खुर्ची ओढून शेजारी बसले, म्हणाले, मार मिरर. मी मारला. दोघे गणपती समोरासमोर बसले. इतके देखणे दिसले की हसूभाऊंनी त्या दिवशी दोन चहा मागवले.

गेट बसलं आणि दुसऱ्याच दिवशी फोन आला. घरातली म्हातारी गेटातून जायला तयार नाही, गोठ्याकडून ये-जा करते. आम्ही मिनीडोर रिक्षा पकडून खांबला गेलो. वाटेत हसूभाऊ ड्रायव्हरशी भाताच्या बियाण्यावर बोलत होते आणि मी मनात सामानाची बांधाबांध करत होते.

म्हातारी गेटासमोर हात जोडून उभी होती. "ह्यो बाप्पा बरोबर हाय," ती डावीकडे बघत म्हणाली. "पन ह्यो उजव्या सोंडेचा. ह्याचं कडक असतं. मी काय बाजारात जाताना सोवलं नेसू?"

तिच्या मुलानं विचारलं, "कोणी काढलंय हे?"

हसूभाऊ म्हणाले, "मी. आरसा मीच मारला."

माउस माझ्या हातात होता, हे आम्हा दोघांनाच ठाऊक. मग त्यांनी पाना मागितला. गणपती आरपार कापलेला, बोल्टवर बसवलेला; तो काढून उलटा केला की सोंड आपोआप डावीकडे. घामाघूम होऊन त्यांनी तो फिरवून बसवला. म्हातारीनं मान डोलावली, आत गेली आणि सहज मागे वळली.

"आता दोघंबी उजव्या सोंडेचे," ती आतून म्हणाली.

आम्ही सगळे आत गेलो. खरंच. हसूभाऊ बाहेर गेले, आत आले, पुन्हा बाहेर गेले. मुलाला हसू आवरेना. शेवटी हसूभाऊंनी कपाळ पुसत विचारलं, "आजी, देवळात बाप्पाच्या पाठी गेलं तर सोंड दिसते काय?"

"नाय."

"मग दोघांच्या पाठीला पत्रा मारतो."

म्हातारीनं बराच विचार केला. "मार. पन तवर मी गोठ्याकडूनच."

गाळ्यात परतल्यावर हसूभाऊ म्हणाले, पाठच्या पत्र्यासकट नवं ड्रॉइंग कर. मी दुसरा गणपती मिरर न मारता कॉपी केला, मागे पत्रा दाखवला. हे शेवटचंच काम, असं धरून एकेक रेघ जपून ओढली. काढणाऱ्याचं नाव लिहायच्या चौकोनात सवयीनं त्यांचं नाव टाकायला गेले, तर त्यांनी हात आडवा धरला.

"चुकलेल्यावर माझं होतं. सुधारलेल्यावर तुझं घाल."

मी घाबरत विचारलं, "म्हणजे भाऊ, तुम्ही मला ठेवताय?"

त्यांनी कीबोर्ड माझ्याकडे सरकवला. मी बारीक अक्षरात 'वंदना' लिहिलं. ते चष्मा वर सरकवून स्क्रीनजवळ वाकले.

"अक्षर मोठं कर गो. उद्या कोनी विचारलं कोनी काढलं, तर लांबून दिसलं पायजे."