धुक्याचं कौतुक

हंगेरीत तोकाय नावाचा टेकड्यांचा भाग आहे, तिथल्या द्राक्षमळ्यात मी कामाला आहे. आठवीतून शाळा सोडली ती गावाकडं बेंबळीजवळच्या आमच्या द्राक्षबागेत राबायलाच, त्यामुळं काम नवं नव्हतं. नवं होतं ते धुक्याचं कौतुक. पानगळीच्या दिवसांत सकाळी दोन नद्यांच्या संगमावरून धुकं उठतं आणि मळ्यांवर चढतं. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी आधी पानं उलटून बघितली. आमच्याकडं धुकं म्हणजे डावणी रोग, फवारणीची धावपळ, वडिलांचा, आबांचा, उतरलेला चेहरा. तिथला मुकादम मात्र हात चोळत हसत होता.

त्या ओलीनं मण्यांना बुरशी धरते. दुपारच्या उन्हात मणी सुरकुततात, आतला गोडवा घट्ट होतो. असले मणी एकेक वेचून 'ऑसू' नावाची पांढरी वाईन करतात, मधाच्या रंगाची. पहिल्या दिवशी मी ते घड सवयीनं कापून खाली टाकले आणि मुकादमानं कपाळ धरलं. हा किस्सा मीच घरी फोनवर सांगितला होता, हसत. मनात मात्र जळत होतो. आमचं कुजलं की बांधावर, यांचं कुजलं की तळघरात.

मागच्या पौषात सुट्टीवर निघालो तेव्हा मालकानं एक बाटली दिली. कागदपत्रांपासून दाढदुखीपर्यंत माझं सगळं त्यानंच बघितलंय, त्याचे उपकार फिटायचे नाहीत. बाटली स्वेटरात गुंडाळली होती, तरी मुंबईत उतरेपर्यंत ती फुटलीच असणार असं वाटत राहिलं. मला एवढंच हवं होतं की आबांनी एक घोट घ्यावा आणि म्हणावं, पोरगं द्राक्षातलं काहीतरी शिकलं.

तोकायला जेवणात मासा किंवा कोंबडी असली तर फुरमिंट द्राक्षाची कोरडी, आंबटसर वाईन घेतात. ऑसूबरोबर निळ्या बुरशीचं चीज, नाहीतर राजहंसाची कलेजी. त्याऐवजी मी वाटेत वाशीच्या बाजारातून खव्याचे पेढे घेतले. घरी आबांनी फुलपात्रातून एक घोट घेतला, थोडा वेळ तोंडात धरला आणि फुलपात्र धाकट्या भावाकडं सरकवलं. "तू सांग. तुला कळतं."

भावानं चाखलं. "मधात चिंच कालवल्यागत लागतंय."

"बरोबर," आबा म्हणाले.

जर्दाळू, संत्र्याची साल, चवीत काय काय लागतं ते सगळं मी पाठ करून आलो होतो. ते तोंडातच राहिलं. आई म्हणाली, "पेढा आधी खायला पायजे हुता. आता फिका लागतूय."

दुसऱ्या दिवशी नेमकं धुकं पडलं. सगळे बागेत. घडातले सडके मणी काढायला मी कात्रीकडं हात नेला, तर आबा कामावरच्या बायांना ऐकू जाईल असं भावाला म्हणाले, "त्याच्या हातात कात्री नको दिऊ. चांगलं काढंल आन् कुजकं ठिवंल." बाया खळखळून हसल्या. मीही हसलो.

आबा पुढच्या ओळीत गेल्यावर भाऊ तोंडाचं फडकं खाली करून म्हणाला, "दादा, तुझं लई बरं हाय. तिकडं धुकं पडलं की लोक हसत्यात. मला इथं झोप न्हाय."

"मग तू जा तिकडं. मी राहतो."

"आबा मला सोडत्यात व्हय?"

त्यानं तक्रार म्हणून सांगितलं, पण मला ते सगळ्यात जास्त लागलं. मी निघालो तेव्हा मला कुणी अडवलं नव्हतं.

पुढं गेला तेव्हा भाऊ एक कात्री माझ्यासाठी मांडवाच्या तारेला अडकवून गेला. ऊन येईपर्यंत मी काम केलं. आबा एकदा बघून पुढं गेले. उरलेली अर्धी बाटली आईनं पेढ्याच्या डब्याशेजारी ठेवली आणि मी परत आलो.

परवा फोन केला. इथं टेकड्या धुक्यात बुडालेल्या, मुकादम खुशीत. आबांना विचारलं, "बाटली आहे का हो अजून?"

"कुठली. ह्यानं कवाच संपवली, मला थेंब दिला न्हाय." मग तेच म्हणाले, "येताना दोन आण. एक माझ्याजवळ दी."

भावानं संपवली म्हणून तेव्हाही आत कुठंतरी जळलंच. दोन नेणार आहे. एवढे स्वेटर आणायचे कुठून, याची काळजी आतापासूनच लागली आहे.