जातंय ते भरून काढायचं

दाजी गेले त्या दुपारी खोलीत आम्ही तिघंच होतो. कॉटवर ते, उशाशी माझी थोरली बहीण अक्का आणि पायथ्याशी मी. डायलिसिस सुरू होऊन आठ महिने झाले होते. आदल्या दिवशीच त्यांना हट्टानं नाशिकहून सायखेड्याला घरी आणलं होतं. अक्का चमच्यानं पाणी पाजत होती, तेही मापात, कारण पाण्यालाही बंधन होतं. दोन चमचे घेऊन त्यांनी मान वळवली आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "मेव्हणे, तुमच्या बहिणीनं जन्मात पहिल्यांदा मला कमी वाढलं." आम्ही हसलो. थोड्या वेळानं ते गेले... ते वाक्य अक्काच्या मनात किती खोल रुतलं, हे मला पुढे कळलं.

दाजी म्हणजे अक्काचे यजमान. द्राक्षबागेत सगळं आयुष्य गेलेला, मोठ्या आवाजाचा, मोठ्या हाडाचा माणूस. शुगर चौदा वर्षांची. तपासणीला नाशिकला आले की मुक्काम गंगापूर रोडला आमच्याकडे. आल्या आल्या रिपोर्ट माझ्या हातात ठेवत. "वाचा. तुम्ही आकड्यांतली माणसं. आमचं गणित खताच्या डोससंग." मी हिशेबाची नोकरी करतो, त्यावरून हा टोमणा. एकदा रक्तातला युरिया किंचित वाढलेला दिसला, तसं मी सांगितलं. दाजी मांडीवर थाप मारून म्हणाले, "अहो, मग आधी नाय का सांगायचं! युरियाची पोती कशाला विकत घेतो मी?" माझी बायको हसून हसून बेजार झाली होती.

दोन वर्षांपूर्वीच्या एका तपासणीत डॉक्टरांनी दोन गोष्टी सांगितल्या. वजन ब्याऐंशी किलो आहे, ते उतरवा. आणि लघवीतून प्रोटीन जातंय, तेव्हा साखर, मीठ आणि प्रेशर कडक सांभाळा. बाहेर गर्दी होती, पुढचा पेशंट दारात उभा होता. दाजी आणि अक्का उठले. त्यांच्या लक्षात एकच शब्द राहिला... जातंय.

आमच्याकडे अंगातून काही जातंय म्हटलं की ते भरून काढायचं असतं. बाळंतिणीला डिंकाचे लाडू त्यासाठीच. आणि बागाईतदाराला तर हे शिकवावंच लागत नाही. जोराच्या पावसानं खत वाहून गेलं की तो दुसरा डोस देतो. रात्री जेवताना दाजींनी मला तसंच समजावलं. "वाहून गेलं की परत टाकायचं. त्यात काय कळायचंय?" अक्का म्हणाली, "अन् मोबाइलवर बी सांगत्यात, बारीक व्हायचं तर पोळी कमी अन् प्रोटीन वाढवा." दोन्ही बाजूंनी एकच उत्तर आलं. ते इतकं सरळ होतं की ताटावरच्या कोणालाच त्यात शंका आली नाही.

अक्का काम हातात घेते ते पुरं करते. सकाळी चार अंडी. दुपारी मटकी किंवा हरभऱ्याची उसळ, पोळी एकच. दूध अर्धा लिटर. भर म्हणून दुकानातून आणलेली प्रोटीनची पावडर, दोन वेळा. दाजी तोंड वाकडं करत, "ही पावडर फवारणीची तर नाय ना गं?" असं विचारत आणि पीत. सात महिन्यांत नऊ किलो वजन उतरलं. साखरही खाली आली. पँटचा पट्टा दोन भोकं आत गेला तेव्हा ते गावभर दाखवत फिरले. आम्ही सगळेच खूश होतो.

मग पायांवर सूज आली. डॉक्टरांनी विचारलं, काय खाता? अक्कानं मोठ्या हौसेनं सगळं सांगितलं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. त्यांनी जे समजावलं ते असं. मूत्रपिंड ही गाळणी. साखरेनं तिची भोकं मोठी झाली, म्हणून प्रोटीन गळतंय. वरून जास्त ओतलं तर गाळणीवरचा ताण वाढतो, गळती भरून निघत नाही. दाजींच्या मूत्रपिंडाच्या अवस्थेत किलोमागे ०.८ ग्रॅम पुरे होतं, म्हणजे सुरुवातीच्या ब्याऐंशी किलोला रोज पासष्ट ग्रॅमच्या आसपास. घरी येऊन मी अक्का त्यांना वाढायची त्या ताटातल्या प्रोटीनची बेरीज केली. ती एकशेवीसच्या पुढे गेली. तो कागद मी फाडून टाकला. बेरीज चुकलेली नव्हती, पण ती दाखवणार कोणाला?

वाचणाऱ्यांत कोणाला शुगर असेल तर एवढंच सांगतो. प्रोटीन चांगलं की वाईट, असं विचारू नका. माझ्या मूत्रपिंडाचा रिपोर्ट बघून मला रोज किती चालेल, ते विचारा, आणि आकडा ऐकल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका. दाजींनी तो विचारला असता तर पाळला असता. पथ्य मोडणारा तो माणूसच नव्हता.

मागच्या आठवड्यात सायखेड्याला गेलो तर अक्का ओळखू येईना. तिलाही सहा वर्षांपासून शुगर आहे. दाजी गेल्यापासून तिनं डाळ, दूध, अंडी सगळं सोडलं होतं. भाकरी, ठेचा आणि वांगं. वजन उतरलं होतं, पण ओट्यावरची कळशी तिला उचलवत नव्हती. जबरदस्तीनं नाशिकला आणून तपासण्या केल्या. मूत्रपिंड उत्तम. डॉक्टर म्हणाले, "तुम्हाला रोज पंचावन्न ग्रॅम प्रोटीन खायलाच हवं. नाहीतर चरबी राहील आणि ताकद जाईल."

परत सायखेड्याला घरी पोचल्यावर तिनं मला विचारलं, "त्यांना पासष्ट चालत होतं, मला पंचावन्न लागतंय. अन् मी त्यांना घातलं दुप्पट... एवढे दिवस शुगरनं त्यांना खाल्लं, त्यात माझ्या हातचं किती, ते सांग. तुला आकडे येत्यात ना?"

मी हेच डॉक्टरांना एकट्यानं विचारून आलो होतो. ते म्हणाले होते, मुख्य नुकसान चौदा वर्षांच्या साखरेचं, जादा प्रोटीननं भर पडली असेल, पण किती ते वेगळं काढता येत नाही. मी तिला तसंच सांगितलं. कमी करून सांगितलं नाही.

"म्हंजी हाय थोडं," ती म्हणाली.

"असेल, अक्का."

ती उठली. कुकर लावला. मला वाढलं, मग स्वतःच्या ताटात वाटीभर वरण घेतलं आणि त्याच्याकडे बघत बसली.

"जेव ना."

"जेवते. तू बघू नको."

मी मान खाली घालून जेवू लागलो. बऱ्याच वेळानं तिच्या वाटीचा आवाज आला.