सासूबाईंचं छान

ऑफिसात त्यांना पाठीमागे सगळे सासूबाई म्हणत, आणि हे त्यांना ठाऊक आहे हेही सगळ्यांना ठाऊक होतं. कंपनी हॉस्पिटलांसाठी सॉफ्टवेअर बनवणारी, आणि तिथल्या पाच टीमचं टेस्टिंग त्यांच्याकडे. प्रोग्रॅमरांनी लिहिलेल्यात खोट काढायची आणि काढलेली खोट तोंडावर सांगायची, एवढंच काम. नाव आपोआप पडलं.

तिथलं काम दोन-दोन आठवड्यांच्या हप्त्यांत चाले. त्याला स्प्रिंट म्हणत, म्हणजे धाव. कुणी पळताना दिसत नसे, पण धाप सगळ्यांना लागलेली असे. रोज सकाळी टीम भिंतीवरच्या बोर्डापुढे उभी राहून काल काय केलं ते सांगे. उभ्याने एवढ्यासाठी, की पाय दुखले म्हणजे माणूस थोडक्यात आटपतो. बोर्डावर प्रत्येक कामाचं एक कार्ड, आणि शेवटचा रकाना 'झालं'. सासूबाई येण्याआधी 'झालं' म्हणजे 'माझं लिहून झालं, पुढचं देव जाणे'. त्यांनी नियम केला की लिहिणारा सोडून दुसऱ्या कुणी ते मोडायचा मनापासून प्रयत्न केल्याशिवाय कार्ड त्या रकान्यात जायचं नाही. टेस्टिंगची मंडळी वेगळ्या खोलीत बसत, त्यांना तिथून उठवून प्रोग्रॅमरांच्या मांडीला मांडी लावून बसवलं, म्हणजे चूक शेवटच्या दिवशी नाही, पहिल्याच दिवशी कळेल. सुरुवातीला सासूबाईंशी कुणी धड बोलत नव्हतं. पुढे रिलीजच्या, म्हणजे नवं काम हॉस्पिटलच्या हाती द्यायच्या, दिवशीसुद्धा वेळेवर घरी जायला मिळू लागलं, तशी माणसं बोलू लागली. नाव मात्र तेच राहिलं.

आणि मग त्यांच्या चिरंजीवांनी लग्न केलं ते नेमकं याच ऑफिसातल्या एका प्रोग्रॅमर मुलीशी. ऑफिसला आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

सासूबाईंना त्यांच्या स्वतःच्या सासूने आयुष्यभर पाण्यात पाहिलं होतं. तेव्हा त्यांनी मनाशी ठरवून टाकलं, नाव ऑफिसात पडलं ते पडलं, घरी पडू द्यायचं नाही. सून काहीही करो, 'छान' म्हणायचं. चहा पांचट झाला, छान. ओला टॉवेल गादीवर, छान. बैठकीच्या खोलीत नवे पडदे आले, ते डोळ्यांत खुपत होते, छान. नवऱ्याने काही दिवस हे मुकाट्याने ऐकलं आणि एकदा हळूच विचारलं, "तुला बरं वाटत नाहीये का? डॉक्टरकडे जाऊन येऊ या."

सून त्यांना घरी आई म्हणे, ऑफिसात मॅडम. तिची टीम नर्सच्या हातातल्या स्क्रीनचं काम करत होती. कुठल्या पेशंटला कुठलं औषध कधी द्यायचं ते त्यावर दिसतं. नर्स औषध देते आणि 'दिलं' असं बटण दाबते. सुनेकडे कार्ड आलं ते असं, की पेशंटला एका बेडवरून दुसऱ्या बेडवर हलवलं तर त्याची औषधंही त्याच्यामागोमाग जावीत. त्या टीमची टेस्टर बाळंतपणाच्या रजेवर होती, म्हणून कार्ड सासूबाईंनी स्वतः तपासायला घेतलं. पेशंट हलवला. औषधं त्याच्यामागे गेली. कार्डावर लिहिलेलं सगळं बरोबर होतं.

एरवी सासूबाईंचं काम इथून सुरू झालं असतं. कार्डावर जे लिहिलेलं नाही ते शोधणं, यातच त्यांची हयात गेली होती. मधेच नेट गेलं तर? घाईत बटण दोनदा दाबलं गेलं तर? पण समोर सून उभी होती, चेहरा एवढासा करून, आणि त्यांच्या जिभेला आता घरचं वळण लागलं होतं.

"छान," त्या म्हणाल्या. "लाव झालंमध्ये."

सून जरा वेळ तिथेच घुटमळली. मग तिने कार्ड उचललं आणि लावलं.

रिलीज शुक्रवारी होतं. गुरुवारी संध्याकाळी सासूबाई स्वयंपाकघरात भाजी निवडत बसल्या असताना सून लॅपटॉप घेऊन समोर येऊन बसली.

"मॅडम," ती म्हणाली.

हा शब्द त्या घरात पहिल्यांदाच ऐकू आला. सासूबाईंनी भाजी बाजूला सारली.

"बेड बदलायच्या आधी जे औषध देऊन झालंय, त्याचं काय होतं ते तुम्ही पाहिलं होतंत का?"

"नाही."

"मीही नाही."

दोघींनी मिळून एका खोट्या पेशंटला इन्शुलिन दिलं, 'दिलं' दाबलं आणि त्याला शेजारच्या बेडवर हलवलं. इन्शुलिन पुन्हा स्क्रीनवर हजर, 'द्यायचं आहे' म्हणून. पाळी बदलल्यावर येणारी नर्स ते वाचणार आणि त्याच माणसाला दुसऱ्यांदा टोचणार, आणि यात तिची काडीचीही चूक नसणार. सासूबाईंनी पुन्हा करून पाहिलं. पुन्हा तेच.

"शंका कधी आली तुला?"

"तुम्ही तपासलंत तेव्हाच."

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"तुम्ही छान म्हणालात ना. ऑफिसात तुम्ही कुणालाच छान म्हणत नाही. मला वाटलं, मॅडम म्हणताहेत म्हणजे असेल. मग वाटायला लागलं, हे मॅडम नाही म्हणाल्या, आई म्हणाल्या."

"त्यात फरक काय?"

"आई सगळ्यालाच छान म्हणतात," सून म्हणाली. "पडदे तुम्हाला आवडले नाहीत हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. तुम्ही कधी बोलाल याची वाट बघतेय मी. पाहुण्यांशी बोलतात तसं बोलता तुम्ही माझ्याशी."

सासूबाईंना राग आला, आणि या खेपेला तो प्रोग्रॅमरवर नव्हता. आपण चांगुलपणा करतोय अशा समजात त्यांनी एका परक्या माणसाच्या जिवाशी आणि घरच्या पोरीशी एकाच शब्दाने खेळ केला होता.

शुक्रवारी सकाळी टीम बोर्डापुढे उभी होती. सासूबाईंनी 'झालं'मधलं ते कार्ड काढलं आणि परत मागच्या रकान्यात लावलं. रिलीज थांबलं. साहेबांनी हॉस्पिटलला शब्द दिला होता, त्यामुळे त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला.

"हे तपासलं कुणी होतं?"

"मी."

"आणि तुमच्या नजरेतून निसटलं?"

"निसटलं नाही. मी बघितलंच नाही."

"का पण?"

"सून आहे म्हणून."

एरवी एवढ्या भांडवलावर ऑफिसने महिनाभर मजा केली असती. पण कुणी हसलं नाही. साहेब म्हणाले की या टीमचं काम यापुढे त्यांनी तपासायचं नाही, आणि सासूबाई म्हणाल्या की तेच त्या सांगणार होत्या. सुनेने चूक दुरुस्त केली. शेजारच्या टीमच्या टेस्टरने ते मोडायचा मनापासून प्रयत्न केला, त्यात त्याला आणखी एक चूक सापडली, तीही दुरुस्त झाली. रिलीज पुढच्या आठवड्यात गेलं. हॉस्पिटलचे लोक उशीर झाला म्हणून चार शब्द बोलले. कशातून वाचलो हे त्यांना कळायचं काही कारणच नव्हतं.

रिलीजच्या संध्याकाळी सून घरी आली, पर्स ठेवली, स्वयंपाकघरात जाऊन आली आणि सासूबाईंच्या पुढ्यात बसली.

"आता सांगा," ती म्हणाली.

"काय?"

"माझं काय काय चुकतं ते."

हे ऐकून सासरेबुवा आणि चिरंजीव दोघेही एकदम उठले आणि गॅलरीत गेले.

सासूबाईंनी थोडा विचार केला. "तू दार इतक्या हळू लावतेस की ते लागतच नाही. मागून जाऊन रोज मी लावते."

"तुम्हाला आवाजाचा त्रास नको म्हणून."

"दार आपटत जा. तुझंच घर आहे."

सुनेने डोळे पुसले. मग म्हणाली, "आता तुमचं एक सांगू?"

"एकच?"

"सध्या एकच. तुम्ही ह्यांच्यावर जशा ओरडता ना, तशा माझ्यावर कधी ओरडला नाहीत."

"बरं," सासूबाई म्हणाल्या. "उद्यापासून ओरडते."

एवढ्यात स्वयंपाकघरातून करपल्याचा वास आला. सुनेने आल्या आल्या दूध तापत ठेवलं होतं.

"अगं, दूध उतू गेलं! लक्ष कुठे असतं तुझं? सगळी शेगडी आता कोण घासणार?"

गॅलरीतले दोघे दचकले. खालच्या मजल्यावरची एक खिडकी उघडली. सून पळत जाऊन गॅस बंद करत होती, आणि तिला हसू आवरत नव्हतं.