भिंतीकडं तोंड करून

पासवर्ड टाकायची वेळ आली की ते फोन आपल्या हातात द्यायचे आणि वळून भिंतीकडं तोंड करून उभे राहायचे. हात मागं बांधलेले, मान जराशी वर. शाळेत गुरुजींनी शिक्षा केल्यासारखे.

"टाका आक्का निवांत. झालं की सांगा."

पहिल्यांदा मला हसूच आलं. म्हटलं, "अहो भाऊ, वायफायची डबी तुम्ही बसवली, वायर तुम्ही ओढली, आता तुमच्यापासून काय लपवायचं?"

"माझ्यापासूनच लपवायचं," ते भिंतीला म्हणाले. "उद्या काय झालं तर मला छातीला हात लावून सांगता यावं, की मला माहीत नाय."

तुमच्याही गल्लीत असा एखादा माणूस असेल. नीट आठवून बघा. कानावर पेन, खांद्यावर घडीची शिडी, पायात झिजलेल्या चपला. आमचे हे टेलिफोन खात्यात लाइनमन होते. घरोघरचे काळे फोन गेले, खांबावरच्या तारा गेल्या, आणि यांनी मुदतीच्या आधीच निवृत्ती घेतली. दुसरा कुणी असता तर गंगापूरकडं गावी जाऊन निवांत बसला असता. हे वायफाय शिकले. फोनवर इंग्रजी व्हिडिओ लावायचे, थांबवून थांबवून बघायचे आणि वहीत मराठीतून उतरवून घ्यायचे. वहीला वर्तमानपत्राचं कव्हर, वर नाव, विषय, इयत्तेच्या जागी एक रेघ. सिडकोतली आमची अख्खी गल्ली त्यांना लाइनमन भाऊच म्हणायची.

मी स्वतः सातवी पास. वाचन-लेखन जे काय वाढलं ते घरातल्या रद्दीवर वाढलं. आमचे मालक गेल्यावर खालचा हॉल ओस पडला, तर मी तिथं मुलींसाठी अभ्यासिका काढली. बिडकीन, गंगापूर, लासूर स्टेशन, असल्या गावांहून पोरी येतात, खोली करून राहतात, तलाठ्याची नाहीतर पोलीस भरतीची तयारी करतात. मला आजी म्हणतात. फॉर्म, हॉलतिकीट, सगळं आता फोनवरच येतं, म्हणून वायफाय घ्यावं लागलं आणि भाऊंचं येणं-जाणं सुरू झालं.

एकदा बसवून विसरणारा माणूस नव्हता तो. दोन-तीन महिन्यांनी न बोलावता यायचे. "तपासणी आक्का." डबीत नवं काय भरायचं असेल ते भरायचे, पासवर्ड बदलायला लावायचे. मी कुरकुर करायची. आत्ता तर बदलला होता की!

"चोर रोज शाळेत जातो, आक्का. आपण सातवी पास होऊन बसलो."

"मला टोमणा मारता व्हय?"

"मी बी दहावी नापास हाय. दोघांनाबी लागला."

कानही त्यांचे लई तिखट. समोरच्या घरात बँकेतून निवृत्त झालेले एक साहेब राहतात. त्यांच्याकडं भाऊ असेच भिंतीकडं तोंड करून उभे होते. साहेबांनी टाकलं आणि म्हणाले, "झालं." भाऊ न वळताच बोलले, "साहेब, नातवाची जन्मतारीख टाकली. बदला." साहेब उडालेच. "तुम्ही बघितलं?" "बघितलं नाय. टाकता टाकता तुम्ही सूनबाईला इचारलं, की बाळ अठराचं का एकोणीसचं."

वायफायमधलं मला जे काय समजलं ते त्यांच्या बोलण्यातून. एकदा म्हणाले, "आक्का, वायफायचं नाव कुणीबी लावू शकतो. तुमच्या नावाची पाटी मी माझ्या दारावर लावली तर माझं घर तुमचं होतं का? पण फोनला एवढी अक्कल नसती. नाव तेच, किल्ली तीच, की तो जाऊन चिकटला." म्हणून त्यांचा एक नियम होता. पासवर्ड कुठं लिहायचा नाही. नवी मुलगी आली की मी तिचा फोन हातात घ्यायचा, टाकून द्यायचा आणि फोन परत करायचा.

हा नियम मला टोचायचा. का, ते सांगते. मी लहान असताना आमच्या गावात काही लोकांना पाणी वरून ओतायचे. त्यांनी खाली ओंजळ धरायची, भांड्याला हात नाही लावायचा. माझी आत्याही तसंच ओतायची, ते मी बघितलंय. मोठी झाल्यावर मी ठरवलं, माझ्या दारात असलं होणार नाही. म्हणून ओसरीवर फाटकाजवळ माठ ठेवलाय. भाजीवाला, पार्सलवाला, कुणीही यावं आणि आपल्या हातानं घेऊन प्यावं.

एक दिवस मी भाऊंना बोलून गेले, "हे तुमचं म्हणजे वरून पाणी ओतल्यासारखं झालं. पोरींनी हात लावायचा नाय, मी टाकून द्यायचं. मला नाय पटत."

ते वायर सोलत होते. हात थांबले. मग सावकाश म्हणाले, "आक्का, माझी आजी तसली ओंजळ धरून पाणी पिलेली हाय. मला त्यातलं अंतर कळतं. पाणी सगळ्यांचं. किल्ली सगळ्यांची नसती."

एवढंच बोलले आणि परत वायर सोलायला लागले. मला तिथंच समजायला पाहिजे होतं. पण माणसाला एकदा आपल्या चांगुलपणाची गोडी लागली ना, की त्याला दुसऱ्याचं ऐकू येत नाही. माठाच्या वर एक छोटा फळा होता. त्यावर "पाणी गार आहे" असं लिहिलेलं असायचं. मी त्याच्या खाली खडूनं वायफायचा पासवर्डही लिहून टाकला. घ्या म्हटलं, सगळ्यांना.

आणि भाऊंचा तपासणीला येतो म्हणून फोन आला, की त्या दिवशी त्या फळ्यावर कॅलेंडर टांगायची. म्हणजे मला कळत होतं बरं का! कळत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

मग एका दुपारी अभ्यासिकेतल्या पोरींच्या फोनवर एक पान आलं. वर आमच्याच वायफायचं नाव. जोडणी चालू ठेवायची असेल तर आपला मेल आणि त्याचा पासवर्ड टाका, असं लिहिलेलं. चौघींनी टाकला. दुसऱ्या दिवशी लासूर स्टेशनच्या सुवर्णाचा मेल उघडेना. तिचं हॉलतिकीट त्याच मेलवर यायचं होतं आणि परीक्षा आठ दिवसांवर आलेली. पोरगी पायरीवर बसून नुसती रडत होती.

संध्याकाळपर्यंत गल्लीत बोभाटा झाला. "वायरवाल्याचंच काम. ज्यानं बसवलं त्यालाच सगळ्यांच्या किल्ल्या माहीत." आणि खरं सांगते, आधी कुणाकडं बोट करायचं हे आपल्या गल्ल्यांना शिकवावं लागत नाही. फोन आला की भाऊ "जय भीम" म्हणायचे. काही जणांना तेवढं पुरलं.

मी काय केलं? ओसरीवर गेले, इकडं-तिकडं बघितलं आणि पदरानं फळा पुसला.

त्यानंतर भाऊंना फोन लावला. ते लगेच आले. शिडी फाटकाला टेकवली आणि आधी सुवर्णाजवळ बसले. "रडू नको बाळा. मेलला नंबर कुणाचा दिलाय?" आईचा, ती म्हणाली. "मग हाय आपली खिडकी उघडी." आईला लासूरला फोन लावला, तिच्याकडं आलेले आकडे विचारून घेतले. नवा पासवर्ड टाकायची वेळ आली तेव्हा त्या गडबडीतही उठले आणि भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. दोन तासांत मेल परत हातात आला. बाकीच्या तिघींचेही पासवर्ड बदलून घेतले आणि चौघींना सायबर पोलिसांकडं नेऊन तक्रार द्यायला लावली.

परत आल्यावर मला म्हणाले, "कुणीतरी फाटकाच्या आसपास तुमच्या नावाचं दुसरं वायफाय लावलं. किल्लीबी तीच होती, म्हणून पोरींचे फोन आपसूक चिकटले. त्याला किल्ली कुठनं गावली, तेवढं कळाया पाहिजे."

माठातून पेला भरून घेतला. एकेक घोट घेत ओसरीवर उभे राहिले. समोर फळा होता. पाणी संपलं, पेला उपडा घातला, शिडी उचलली आणि गेले. मला वाटलं, विचारतील. त्यांनी विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही. दोन दिवस मला भाकर गोड लागली नाही.

रविवारी सकाळी कॉलनीच्या बागेत सगळे जमले. भाऊंनाही बोलावलं होतं. बँकेतले साहेब पुढं होते.

"भाऊ, राग मानू नका. पण सगळ्या घरांच्या किल्ल्या तुमच्याकडं आहेत."

"माझ्याकडं एकबी नाय साहेब. तुम्ही टाकत होता तवा मी भिंतीकडं बघत होतो."

"ते नाटक झालं हो. भिंतीकडं बघून काय होतं?"

कुणीतरी फिसकन हसलं. भाऊंनी सवयीनं हात मागं बांधले. तिथं बागेत भिंत नव्हती. मग ते खाली गवताकडं बघत राहिले.

ठरत असं होतं, की यापुढं त्यांना कुणी घरात घ्यायचं नाही. कंपनीची माणसं बोलवायची. आता बघा, या माणसाचं सगळं काम लोकांच्या घरातलं. कुणाच्या माजघरात शिडी लावायची, कुणाच्या देवघरामागून वायर न्यायची. नाव गेलं की दार बंद. तीसेक वर्षं खांबावर चढून कमावलेलं नाव माझ्या डोळ्यांदेखत चाललं होतं, आणि त्याला वाचवणारी गोष्ट फक्त मला ठाऊक होती.

निदान मला असं वाटत होतं.

मी उठले. "पासवर्ड मी लिहिला होता," म्हटलं. "माठावरच्या फळ्यावर. कितीतरी महिने होता. रस्त्यानं जाणाऱ्या कुणीही वाचावा. भाऊंनी मला बजावलं होतं, लिहू नका. मी ऐकलं नाही. आणि भानगड झाल्यावर पुसला, तोही मीच."

साहेब म्हणाले, "काकू, तुम्ही? अहो पण कशासाठी?"

"मोठेपणा करायला," मी म्हटलं. दुसरं उत्तर नव्हतंच.

एकेक जण भाजी आणायची आठवण काढून उठला. सुवर्णा तेवढी जवळ आली. मला वाटलं, भांडेल. तिचा हक्कच होता. ती म्हणाली, "आजी, चला घरी, ऊन चढलं." साहेबांनी भाऊंची माफी अशी मागितली नाही. पण आठ दिवसांनी त्यांनी दारातून हाक मारली, "भाऊ, आमचा जरा बदलून देता का? तो अजून नातवाचाच आहे."

बागेतून परत येताना भाऊ माझ्या बरोबरीनं चालत होते. फाटकाशी आल्यावर म्हणाले, "आक्का, फळा पुसायला एक फडकं ठेवत जा. परवा पदराला खडू लागला होता."

मी जागीच उभी राहिले. "म्हणजे तुम्हाला माहीत होतं? मग तिथं बोलला का नाय? तुमचं नाव चाललं होतं की!"

"फळा तुमचा. सांगायचं का नाय, ते तुम्ही ठरवायचं," ते म्हणाले. "मी भिंतीकडं तोंड करून उभा होतो."

त्या दिवसापासून आम्ही नवी पद्धत काढली. पासवर्ड दर महिन्याला बदलायचा, लिहायचा नाही, आणि नवी मुलगी आली की मी तिच्या कानात सांगायचा. तिनं आपल्या हातानं टाकायचा. पोरी हसतात, म्हणतात, आजी गुरुमंत्र देते. भाऊंना हे पसंत पडलं. "हे बरं झालं. वरून ओतणं बी नाय आणि रस्त्यावर सांडणं बी नाय." नकली वायफाय लावणारा कोण होता, ते काही कळलं नाही. सुवर्णानं परीक्षा दिली. त्या खेपेला नाही, पुढच्या खेपेला लागली. पेढे घेऊन आली तेव्हा पहिला पेढा तिनं शिडीवर चढलेल्या भाऊंना वर हात करून दिला.

मागच्या उन्हाळ्यात भाऊ गेले. दुपारचं जेवण झालं, ताकाचा पेला हातात होता, आणि बसल्या जागी मान कलली. मी मातीला जाऊन आले. वही त्यांच्या उशाशी होती. शेवटच्या पानावर वायफायच्या कुठल्याशा नव्या कुलपाबद्दल अर्धवट लिहिलेलं होतं.

महिन्यानं त्यांच्या बायको माझ्याकडं आल्या. पिशवीत भाऊंचा फोन होता. चौकटीत लावायला त्यांचा एक फोटो पाहिजे होता, आणि फोटो सगळे त्या फोनमध्ये. मुलींना काढता येईल म्हणून इथं आल्या. अभ्यासिकेतल्या चौघी भोवती जमल्या. एकीनं फोन सुरू केला, तर त्यानं पासवर्ड मागितला.

"मला ठाव हाय," त्या म्हणाल्या. "मला एकटीलाच सांगितला होता त्यांनी. पर मला सावकाश जमतं."

त्यांनी चष्मा लावला, फोन मांडीवर घेतला आणि एक बोट पुढं केलं.

कुणी कुणाला काही सांगितलं नाही. मी वळले आणि भिंतीकडं तोंड करून उभी राहिले. बाजूला बघितलं, तर चारी पोरी ओळीनं तशाच. हात मागं बांधलेले, मान जराशी वर. भिंतीला थोडे पोपडे आलेत, तेवढेच दिसत होते. मागं एकेक अक्षर पडल्याचा आवाज येत होता, मध्ये मोठा थांबा, मग पुन्हा एक.

"टाका निवांत," मी भिंतीला म्हटलं. "झालं की सांगा."